इंजिन बदललेली गाडी नापास करण्यापूर्वी : व्हिंटेज वाहन समित्यांना खुले पत्र

प्रति,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
राज्यांच्या परिवहन विभागांतील व्हिंटेज वाहन तपासणी समित्यांचे सदस्य,
आणि जुन्या गाड्यांच्या स्पर्धांचे परीक्षक यांस

सविनय नमस्कार.

जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून आपण व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीची स्वतंत्र सोय केली. त्याआधी पन्नास-साठ वर्षं जुन्या गाडीच्या मालकाला प्रत्येक आरटीओत वेगळं उत्तर मिळायचं. कुठे एनओसी अडकायची, कुठे आरसी बुकाची पानं सुटली म्हणून पासिंग व्हायचं नाही. आता ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षं चालते आणि आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. वीस हजार रुपये शुल्क थोडं नाही, पण नियम एकच आणि लेखी आहे, ही गोष्ट आम्हा मालकांसाठी फार मोठी होती. त्याबद्दल मनापासून आभार.

हे पत्र लिहितो आहे ते त्या नियमातल्या एका अटीमुळे. गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात राखलेली हवी, आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी ती अट आहे. चासी आणि बॉडीबद्दल माझं काही म्हणणं नाही. इंजिनाबद्दल आहे. ही अट शब्दशः लावली, तर भारतात टिकलेल्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी ज्यांचा इतिहास सरळ आणि कागदावर आहे, त्याच बाहेर पडतील. ज्यांचा इतिहास अलीकडे पुसून नव्याने रंगवला गेला, त्या मात्र आत येतील.

आपल्याकडे इंजिनं का बदलली गेली, हे आधी आठवावं लागेल. जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत होती. इथेच उत्पादन करण्याची तयारी नसलेल्या कंपन्यांना जागा नाही, हे १९५३च्या टॅरिफ कमिशननंतर स्पष्ट झालं आणि पुढच्याच वर्षी तिने गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. नव्या परदेशी गाड्या येणं जवळजवळ थांबलं, आणि आधी आलेल्या गाड्यांचे सुटे भाग येणंही थांबलं. परकीय चलनाचा परवाना काढून पिस्टन मागवणं सामान्य मालकाच्या हातातली गोष्ट नव्हती. उत्तरपाड्याची अँबॅसॅडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, या तीन कारखान्यांतून जे निघेल त्यावर देश चालत होता. मारुती येईपर्यंत हे असंच राहिलं.

आता त्या काळातल्या एखाद्या एमजी टीडीचा विचार करा. दोन माणसांची, उघडी, लाकडी सांगाड्यावर पत्रा मढवलेली इंग्लिश स्पोर्ट्स गाडी. तिचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन सुरेख आहे, पण त्याच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ मापाची. कॉव्हेंट्रीचा तो इंजिन कारखाना मॉरिसकडे येण्यापूर्वी फ्रेंच हॉचकिस कंपनीचा होता, त्या यंत्रांची ही खूण. इथल्या बाजारात असा बोल्ट मिळायचा नाही. लेथवर एकेक करून घ्यावा लागे. रिंगा गेल्या, बोअर झिजला, स्लीव्ह टाकली, तीही झिजली, आणि एक दिवस ब्लॉकलाच तडा गेला. त्या मालकापुढे दोन वाटा होत्या. गाडी भंगारात द्यायची, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून फियाटचं वा अँबॅसॅडरचं चालू इंजिन आणून बसवायचं.

ज्यांनी दुसरी वाट धरली, त्यांच्यामुळे त्या गाड्या आज आहेत. या कामाला हलकं लेखू नये. इंजिन फक्त उचलून ठेवायचं नसतं. नवी माउंटिंग बनवायची, बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्स जुळवण्यासाठी मधली प्लेट कापायची, प्रोपेलर शाफ्ट लांबी कमी-जास्त करून पुन्हा बॅलन्स करायचा, रेडिएटरचे पाइप वळवायचे, वेगाच्या काट्याला योग्य गिअर शोधायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मुंबईच्या गल्ल्यांमधल्या गॅरेजांत, हे काम अशा मिस्त्रींनी केलं ज्यांच्याकडे कंपनीचं एकही ड्रॉइंग नव्हतं. चांगल्या मिस्त्रीने चासीला भोक न पाडता, जुन्याच छिद्रांवर ब्रॅकेट लावून इंजिन बसवलं. म्हणून आज हवं तर ते काढून मूळ प्रकारचं इंजिन परत बसवता येतं. वाईट मिस्त्रीने गॅस कटर चालवला. समितीने तपासायचं असेल तर हा फरक तपासावा, तो डोळ्यांना दिसतो.

अँबॅसॅडरच्या इंजिनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘टॅक्सीचं इंजिन’ म्हणून त्याची जी हेटाळणी स्पर्धांच्या मैदानावर ऐकू येते, ती अज्ञानातून येते. अँबॅसॅडर सुरुवातीला जुन्या साइड व्हॉल्व्ह इंजिनावर चालली, पण लवकरच तिच्यात १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं आणि पुढची तीन दशकं तेच राहिलं. हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातलं. १९५५मध्ये आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत, जिच्या एक लाखाहून अधिक प्रती बनल्या, सुरुवातीला हेच १४८९ सीसीचं बी-सीरिज होतं. बोअर तोच, स्ट्रोक तोच. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन, अँबॅसॅडरला एकच कार्ब्युरेटर आणि मवाळ कॅम, एवढाच मुख्य फरक. उत्तरपाड्यात ओतलेला ब्लॉक एमजीएत बसवणाऱ्याने गाडीचा अपमान केला, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचंही तसंच. तिचं ९४८ सीसी इंजिन आणि ट्रायम्फ स्पिटफायरचं ११४७ सीसी इंजिन एकाच घराण्यातली. त्या काळच्या आपल्या मेकॅनिकांना हे नातं पाठ होतं. कोणतं इंजिन कुठे बसेल हे ते पुस्तकातून शिकले नव्हते, पण त्यांचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं.

ही अट लावताना समितीपुढे काय येतं ते पाहा. समजा, दोन एमजी टीडी शेजारी उभ्या आहेत. पहिलीत १९६०च्या दशकात अँबॅसॅडरचं इंजिन बसलं. तेव्हाच्या मालकाने आरटीओत जाऊन रीतसर नोंद करून घेतली. आरसी बुकात इंजिनाचा नवा क्रमांक आहे, अधिकाऱ्याची सही आहे, शिक्का आहे. पुढच्या प्रत्येक मालकाच्या नावाबरोबर तोच क्रमांक चालत आला. दुसऱ्या गाडीतही तसंच इंजिन होतं. पाच-सात वर्षांपूर्वी ती विकत घेणाऱ्याने ते इंजिन भंगारात दिलं, इंग्लंडहून कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं एक्सपीएजी इंजिन मागवलं आणि बसवलं. या इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेल्या एका अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो. अशी कोरी पट्टी आज सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांकडे विकत मिळते. तिच्यावर हवा तो क्रमांक पंच करायचा आणि दोन रिव्हेट मारायचे. समितीने पेन्सिल प्रिंट (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) घेतला, क्रमांक जुळला, इंजिनाचा प्रकार जुळला. ही गाडी ‘मूळ स्वरूपात’ म्हणून पास होते. पहिली, जिने काहीही लपवलं नाही, ती नापास.

मी स्वतः पहिल्या प्रकारची गाडी सांभाळतो. त्यामुळे मला यात स्वार्थ आहे असं कुणी म्हटलं तर ते खरं आहे, आणि ते आपल्यापासून लपवायचं नाही. पण गेल्या काही वर्षांत मला प्रेमाने मिळालेला सल्ला एकच आहे : ‘एक्सपीएजी आणा, पट्टी लावा, प्रश्न मिटेल.’ नियमाचा अर्थ असा लावला जातो आहे की खोटं करणं स्वस्त आणि खरं राहणं महाग. ज्या इंजिनाने माझी गाडी पन्नासहून अधिक वर्षं रस्त्यावर ठेवली, ते फेकून देऊन तिला मूळ ठरवणं मला जमणार नाही.

किमतीचा मुद्दा इथेच येतो, कारण हा सगळा खोटेपणा शेवटी किमतीसाठी चालतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या मोठ्या, नियमित लिलावांची परंपरा नाही. गाडीची किंमत दोन माणसांत, चहा पिता पिता ठरते. ‘मॅचिंग नंबर’ हा शब्द आता प्रत्येक सौद्यात ऐकू येतो : कारखान्यातून निघताना चासीबरोबर जे इंजिन होतं तेच आजही आहे, असा त्याचा दावा. जगात या दाव्याला मोठी किंमत आहे आणि ती रास्तच आहे. २०१८मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या लिलावात १९६२ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली, तेव्हा तिचं मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल तिच्यातच आहे, हे सांगितलं गेलं. शर्यतींत धावलेल्या, ठोकल्या गेलेल्या, पुन्हा बांधलेल्या गाडीत हे टिकणं अतिदुर्मीळ असतं. अशा गाडीतलं इंजिन उतरवून दुसरं बसवणाऱ्याला मी गुन्हेगारच म्हणेन.

पण त्याच जगाने इंजिन बदललेल्या गाड्यांनाही तेवढाच मान दिला आहे, आणि आपल्याकडचे परीक्षक हे सोयीने विसरतात. एसी एस या छोट्या इंग्लिश गाडीला ब्रिस्टल कंपनीचं दोन लिटरचं इंजिन मिळणं बंद व्हायची वेळ आली, तेव्हा कॅरोल शेल्बी नावाच्या अमेरिकन शर्यतपटूने तिच्यात फोर्डचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवण्याची कल्पना मांडली. १९६२मध्ये तशी पहिली गाडी उभी राहिली. ती कोब्रा. ते पहिलं वाहन २०१६मध्ये १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना विकलं गेलं. दुसऱ्याचं इंजिन बसवलेली गाडी! एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ आधी इंग्लंडमधल्या केन कॉस्टेलो या गॅरेजवाल्याने बसवलं. नंतर कंपनीने स्वतःच १९७३मध्ये एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली आणि तीन वर्षांत २,५९१ गाड्या बनवल्या. आज त्या गाडीला कोणीही भेसळ म्हणत नाही.

आणि न्यायालयात गेलेलं एक प्रकरण तर तपासणी समितीच्या प्रत्येक सदस्याने वाचावं असं आहे. बेंटलेची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ले मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात सतत बदल होत गेले. १९३२मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीसाठी तिच्यातलं साडेसहा लिटरचं इंजिन काढून आठ लिटरचं बसवलं. त्याच वर्षी त्या ट्रॅकवर अपघात झाला आणि क्लाइव्ह डनफी हा चालक मरण पावला. गाडी पुन्हा बांधली गेली, या वेळी बंद बॉडी चढवून. अनेक दशकांनंतर तिच्या मालकाने सुमारे एक कोटी पौंडांना ती विकण्याचा करार केला, आणि खरेदीदाराने माघार घेतली : ही ती गाडीच नव्हे, हिच्यात १९२९चं काय उरलंय? खटला लंडनच्या उच्च न्यायालयात उभा राहिला. १९९०मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेक भागाची छाननी करून मान्य केलं की ले मां जिंकलेल्या गाडीचं फार थोडं यात आहे. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. कारण ती गाडी कधीही नाहीशी झाली नव्हती. प्रत्येक बदल आधीच्या बदलावर, त्याच गाडीवर, उघडपणे झाला होता आणि ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव सांगणारी दुसरी गाडी जगात नव्हती. अखंड इतिहास हाच तिच्या ओळखीचा पाया ठरला.

भारतातल्या बहुतेक जुन्या स्पोर्ट्स गाड्यांकडे देण्यासारखं हेच आहे : अखंड इतिहास. कारखान्याची पत्रकं हरवली, पहिल्या मालकांचे कागद गेले, पण आरसी बुक राहिलं. जिथे जिथे इंजिन बदललं तिथे तारीख आणि शिक्का आहे. हे इतकं विश्वासार्ह दफ्तर अनेक देशांतल्या मालकांकडे नाही. त्या दफ्तराकडे पुरावा म्हणून पाहायचं की गुन्ह्याची कबुली म्हणून, एवढं आपल्याला ठरवायचं आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे. १९६६मध्ये स्थापन झालेली फिवा ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना गाडीला ओळखपत्र देताना कारखान्याप्रमाणे असलेली गाडी, त्या काळातच बदल झालेली गाडी आणि नंतरच्या काळात बदललेली गाडी असे वेगवेगळे वर्ग करते. त्या काळात झालेला बदल हा गाडीच्या इतिहासाचाच भाग मानला जातो. नापास करण्याऐवजी खरं काय ते लिहून ठेवायचं, ही त्यामागची दृष्टी आहे. आपल्या नियमात असा मधला वर्गच नाही. गाडी एकतर मूळ, नाहीतर बाद.

आपलाच कायदा इतका कठोर नाही, हेही नम्रपणे लक्षात आणून देतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आहे की किमान दहा परिवहन वाहनं असलेल्या मालकाला त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन बदलण्यासाठी राज्य सरकार सवलत देऊ शकतं, नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी न घेता. म्हणजे इंजिन झिजतं, ते बदलावं लागतं आणि बदलल्याने गाडीची ओळख बदलत नाही, हे कायद्याने ट्रकवाल्यांसाठी मान्य केलं आहे. पन्नास वर्षांच्या स्पोर्ट्स गाडीला हे समजूतदारपण का मिळू नये?

आता दुसरी बाजू, कारण ती मांडली नाही तर हे पत्र अर्धवट राहील. आम्हा शौकिनांत दोन तट आहेत. एक म्हणतो, गाडी चालवण्यासाठी असते. जुनं इंजिन तापतं, तेल गळतं, भाग मिळत नाहीत, मग त्यात जपानी टर्बो नाहीतर अमेरिकन व्ही-८ का बसवू नये? परदेशात डॅटसन २४०झेडपासून माझ्दा आरएक्स-७पर्यंत अनेक गाड्यांत शेव्हरोलेचं एलएस व्ही-८ बसतं आणि काही मालक ती गाडी पहिल्यापेक्षा जास्त चालवतात. कॅलिफोर्नियातली सिंगर ही कंपनी १९९०च्या आसपासच्या पोर्श ९११ पूर्ण उकलून नव्याने बांधते आणि त्या गाड्या दहा लाख डॉलरच्या वर विकल्या जातात. म्हणजे फेरफार केला की किंमत पडतेच, हेही खरं नाही. दुसरा तट म्हणतो, बोल्टसुद्धा बदलू नका.

माझं मत पहिल्या तटाच्या विरुद्ध आहे, निदान आपल्या देशापुरतं. जिथे हजारो २४०झेड उरल्या आहेत तिथे चार-पाचशे गाड्यांत व्ही-८ गेल्याने प्रकार नष्ट होत नाही. आपल्याकडे एखाद्या प्रकारच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक, जिचं जुनं इंजिन दुरुस्त होऊ शकतं, पिस्टन आता आठवड्याभरात घरपोच मिळतो, अशा गाडीचं इंजिन केवळ आवाज आणि वेगासाठी उतरवणं हे मला पटत नाही. १९६५च्या मिस्त्रीपुढे पर्याय नव्हता, आजच्या मालकापुढे आहे. शिवाय त्या ताकदीला ती चासी, ते ड्रम ब्रेक, तो पातळ पुढचा अ‍ॅक्सल पुरत नाही, आणि गाडी धोकादायक होते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध जाणारे फेरफार चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं आहे. अशा गाड्यांना ‘व्हीए’ क्रमांक न देणं योग्यच. इथे आपण कठोर राहा, मी आपल्या बाजूने आहे.

विजेचंही तेच. जग्वारने २०१७मध्ये ई-टाइपमध्ये बॅटरी आणि मोटर बसवून दाखवली, तीच गाडी पुढच्या वर्षी एका राजघराण्याच्या लग्नात साऱ्या जगाने पाहिली. फिवाने २०१९मध्ये भूमिका घेतली की अशी गाडी ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत बसत नाही, आणि कोणी बदल करणारच असेल तर तो परत फिरवता येईल असा करावा, काढलेले भाग जपून ठेवावेत. मला ही भूमिका मान्य आहे.

दुसऱ्या तटाशी माझं भांडण मात्र वेगळं आहे. ‘बोल्टसुद्धा बदलू नका’ म्हणणाऱ्यांनी १९५५ ते १९८५ या काळात या देशात गाडी सांभाळून पाहिलेली नसते. त्यांचे निकष कॅलिफोर्नियात पेबल बीचला हिरवळीवर भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेवरून येतात. स्पर्धेत परीक्षक बॉनेट उघडतात, अँबॅसॅडरचं इंजिन पाहतात आणि काही न विचारता पुढे जातात. शेजारी उभा असलेला, ते इंजिन ज्याच्या वडिलांनी बसवलं असा म्हातारा मिस्त्री मान खाली घालतो. हे मी पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही. परीक्षकांनी निदान विचारावं : कधी बसवलं, कुणी बसवलं, चासी कापली का, मूळ इंजिनाचं काय झालं? चार प्रश्नांत गाडीचं निम्मं चरित्र कळतं. गुण कापायचे असतील तर खुशाल कापा, पण वेगळा वर्ग करा आणि त्या वर्गातही चांगल्या कामाला बक्षीस द्या.

समित्यांकडे आणि मंत्रालयाकडे माझी मागणी अशी आहे. नियमातली इंजिनाची अट काढू नका, तिला काळाची मर्यादा द्या. इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात तीस वर्षांहून जुनी असेल आणि चासी कापलेली नसेल, तर ती गाडी मूळ स्वरूपात राखलेली धरा. प्रमाणपत्रावर मात्र साफ लिहा : इंजिन कोणत्या कंपनीचं, किती सीसीचं, त्याचा स्वतःचा क्रमांक काय, नोंद कोणत्या वर्षीची. ज्याला विकत घ्यायची आहे त्याला सगळं दिसू दे. मग तो कमी किंमत देईल, जास्त देईल, तो त्याचा निर्णय. आज मालक लपवतो कारण नोंद उघड झाली की गाडी बाद होते. ही भीती गेली की लपवण्याचं कारणही राहणार नाही.

याउलट, क्रमांक पुन्हा पंच केल्याचा संशय आला तर तिथे दयामाया नको. नवी पितळी पट्टी, घासलेला ब्लॉक, जुन्या अक्षरांशी न जुळणारे आकडे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, चांगला टर्नर-फिटर भिंगाने सांगेल. म्हणून समितीवर अधिकारी आणि संग्राहक यांच्याबरोबर असा एक कसबी माणूस असावा. ज्याने आयुष्यभर क्रँक ग्राइंड केले, हेड उतरवले, त्याची नजर या कामात सर्वांत उपयोगी आहे, आणि मानधन देऊन त्याला बोलावणं सरकारला जड जाणार नाही.

मूळ इंजिन मालकाकडे पडून असेल, तडा गेलेलं का असेना, तर त्याचीही नोंद प्रमाणपत्रात करण्याची सोय हवी. अनेक घरांत असा ब्लॉक गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. आता आयात सोपी झाली, ओतकामाला वेल्डिंग आणि स्टिचिंगची चांगली तंत्रं आली, तेव्हा तो पुढच्या पिढीत कुणीतरी दुरुस्त करेल. गाडी विकली गेली तर तो ब्लॉक गाडीबरोबरच जायला हवा, वेगळा विकला जाऊ नये.

हा प्रश्न थोड्या श्रीमंत संग्राहकांचा आहे असं वाटत असेल, तर नियमातलं पन्नास वर्षांचं गणित पाहा. १९७४मध्ये पद्मिनी हे नाव लावून निघालेल्या पहिल्या फियाट पन्नाशीत पोहोचल्या. स्टँडर्ड गॅझेलही पोहोचली. या गाड्यांत डिझेल इंजिनं बसली, दुसऱ्याच फियाटची अर्धी इंजिनं बसली, हेडं बदलली. बुलेटचीही तीच कथा, कारण हा नियम दुचाकींनाही लागू आहे. पुढच्या दहा वर्षांत आपल्यापुढे येणाऱ्या अर्जांत इंजिन न बदललेली गाडी हाच अपवाद असेल. तेव्हा घाईघाईने परिपत्रकं काढण्यापेक्षा आताच नियमात दुरुस्ती झाली तर मालकांचेही हेलपाटे वाचतील आणि आपलेही.

शेवटची विनंती आरटीओ कार्यालयांसाठी. जुनी हस्तलिखित आरसी बुकं संगणकात चढवताना शेवटच्या मालकाचं नाव आणि सध्याचा इंजिन क्रमांक एवढंच भरून पुस्तक परत देऊ नका. मधल्या प्रत्येक पानाची, प्रत्येक फेरफार-नोंदीची स्कॅन प्रत त्या गाडीच्या दफ्तराला जोडा. कार्यालयातली मूळ नोंदवही अजून हाताशी असेल तर तिचीही जोडा. ती पानं एकदा गेली की पहिली टीडी आणि दुसरी टीडी यांतला फरक सिद्ध करण्याचं साधन कुणाहीकडे उरणार नाही, आपल्याकडेही नाही.

कळावे,
आपला नम्र,
एका जुन्या एमजीचा मालक